बिनमाणसाची बोट

चित्राचा अर्थ सांगायची मला भारी हौस. कुणी विचारो न विचारो, मी सांगणारच. त्या हौसेपायी मी माझ्या सख्ख्या काकांना त्यांच्याच बोटीतून काढून टाकलं.

२०१६ साली मी डहाणूच्या खाडीतल्या बंदराचं एचिंग करत होते. जस्ताच्या पत्र्यावर मेणाचा थर द्यायचा, त्यात सुईने चित्र कोरायचं, पत्रा अ‍ॅसिडमध्ये बुडवला की रेघा खोल होतात. मग शाई भरून कागदावर छाप घ्यायचा. काका मासेमारी करणारे. धक्क्याला लावलेल्या बोटीत ते माझ्यासाठी सकाळभर उन्हात बसून राहिले. हलू नका म्हटलं होतं, तर खोकायचं झालं तरी आधी मला विचारत. "नाक नीट काढ गं पोरी," एवढीच त्यांची मागणी.

पहिला छाप छान आला. नाकही जमलं होतं. पण मला वाटलं, बोटीत माणूस असला की ते नुसतं बंदर होतं. रिकामी बोट म्हणजे कशी प्रतीक्षा, एकटेपण, अजून काय काय. मग मी पत्र्यावरचे काका खरवडले, घोटून गुळगुळीत केले. अख्खी दुपार गेली, कारण काका काही लवकर निघेनात. तेव्हा मला त्याचं हसू आलं होतं, हे आठवलं की आज स्वतःची चीड येते.

बोर्डीला प्रदर्शन लागलं. काकांना सांगायचं मी उद्यावर ढकलत राहिले आणि शेवटी सांगितलंच नाही. ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून, काकूला आणि बोर्डीतच राहणाऱ्या व्याह्यांना घेऊन. आपण चित्रात आहोत, हे त्यांनी लेकीच्या सासरी मोठ्या थाटात सांगून ठेवलं होतं.

मी तेव्हा चार पाहुण्यांना प्रतीकं समजावत होते. रिकामी बोट म्हणजे न परतलेला माणूस, असं काहीतरी भारदस्त बोलले आणि मागे वळले, तर काकू उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

"अगं, बिनमाणसाची बोट काढलीस? ह्यांची?"

तिचा चेहरा उतरला. आमच्याकडे समुद्रात तशी बोट दिसली की तिचा अर्थ कुणी विचारत नाही, बायका धक्क्याकडे धावत सुटतात. हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही.

व्याही डोळे बारीक करून चित्रात शोधत होते. "काय व्याही, तुम्ही कुठं आहात ह्यात?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला चारचौघांत झापलं असतं तर बरं झालं असतं. पण ते पुढे झाले आणि त्यांनी चित्रातल्या बोटीच्या मधोमध बोट ठेवलं.

"हा काय इथं. खाली खणात बर्फ भरतोय. वरून कसा दिसणार?"

व्याही मनापासून हसले. "तरीच!" म्हणून काकूने मोकळा श्वास घेतला. निदान आता तरी मी खरं बोलायला हवं होतं.

"काय गं पोरी, खालीच आहे ना मी?" काकांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले, "खालीच आहात."