बायाक्काला दिलेल्या सुया

वडगावात बायाक्काच्या मागावरचं लुगडं बायका नावानं मागून घ्यायच्या. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली आणि तिचं मागावर बसणंच मोडलं. बसल्या बसल्या अंगातून वाफ उठायची, घाम फुटायचा, छाती धडधडायची, विणताना धोटा हातातून निसटायचा. बाहेरचं काही असेल म्हणून घरच्यांनी अंगारे लावले. उतार पडला नाही.

तिची धाकटी बहीण अंबुबाई बेळगावात बायकांच्या एका दवाखान्यात आया होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आदल्या वर्षी तिथं सुईनं द्यायचं एक तेलकट औषध आलं. उतारवयात बाईच्या अंगातलं जे आटतं, ते याच्यानं भरून निघतं, असं डॉक्टरीणबाई सांगत. अंबुबाई बहिणीला हाताला धरून घेऊन गेली.

"भिऊ नगंस आक्का. मी हाय न्हवं?"

दोन महिन्यांत बायाक्का पुन्हा मागावर बसली. झोप लागू लागली, सुनांशी बोलू लागली. पुढं लढाईमुळं औषध दुर्मीळ झालं, तेव्हा अंबुबाईनं डॉक्टरीणबाईंच्या विनवण्या करून आक्कापुरतं राखून ठेवायला लावलं.

तीन वर्षांनी बायाक्काच्या अंगावरून जाऊ लागलं. पाळी फिरून आली, असं समजून तिनं सहा महिने कुणाला सांगितलं नाही. तपासलं तेव्हा गर्भपिशवीत गाठ निघाली, ती पार पसरली होती. कापून काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अंबुबाईनं डॉक्टरीणबाईंना एकटं गाठलं. "त्या सुईनं झालं काय ओ, बाई?"

बाई म्हणाल्या, "विलायतेत उंदरांना टोचून पाहिलंय. त्यांना गाठी झाल्या म्हणतात. बायकांचं अजून कुणी नीट पाहिलेलं नाही."

"म्हंजी सुई दिली नसती तर आक्काला ह्यो रोग झाला नसता?"

"सुई न घेतलेल्या बायकांनाही हा रोग होतो. मला खरंच ठाऊक नाही, अंबुबाई."

त्याहून जास्त कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटच्या दिवसांत अंबुबाई बहिणीच्या उशाशी बसून राहायची. दुखणं कमी करणं तिच्या हातात नव्हतं. एकदा बायाक्का म्हणाली, "तीन वर्सं मागावर बसलो की गं." ती समजूत घालत होती की खरंच बोलत होती, हे अंबुबाईला कळलं नाही. विचारायचा धीरही झाला नाही. श्रावणात बायाक्का गेली.

पंधरवड्यानं अंबुबाई कामावर रुजू झाली. दवाखान्याच्या बाकावर बेळगुंदीची मालुबाई पदरानं मानेवरचा घाम पुसत बसली होती. "आयाबाई, त्या सुईनं बरं वाटतंय व्हय?"

अंबुबाईनं तिला आक्काचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मालुबाईनं ऐकून घेतलं. "पर तुझ्या आक्काला बरं वाटलतं न्हवं?"

"वाटलतं."

"मग घेतो मी. ह्ये असं रोज कुठवर सोसायचं?"

आतून डॉक्टरीणबाईंची हाक आली. अंबुबाईनं उकळत्या पाण्यातून चिमट्यानं सुई उचलली, तबकात ठेवली आणि मालुबाईला घेऊन आत गेली.