मोरपंखी स्वेटरच्या पांढऱ्या पट्ट्या

रतनबाई चोर नव्हती. हे मी आधीच लिहून टाकते. जिथे म्हणायला हवं होतं तिथे माझ्याच्यानं ते म्हणवलं नाही, आणि आता तिच्याबद्दल चार शब्द लिहायला बसले तर पुन्हा इकडचं तिकडचं सांगत राहीन.

१९५६ साली आम्ही पिंपरीला कारखान्याच्या वसाहतीत राहायला आलो. यशवंतराव, म्हणजे आमचे हे, स्टोअरमध्ये कारकून होते. रतनबाईचा नवरा भैरू त्याच कारखान्याच्या गेटवर पहारेकरी. ती मूळची निघोज्याची. लहानपणी देहूला एका शाळामास्तरांच्या घरी कामाला होती, तिथे मास्तरीणबाईंनी तिला विणायला शिकवलं. दोन सुयांवर ती स्वेटर विणायची आणि बाकी सगळं क्रोशानं. क्रोशाची सुई भैरूनं सायकलच्या तारेची करून दिली होती, टोक कानशीनं घासून. वसाहतीत कुणाला स्वेटर हवा असला की लोकर तिच्या हवाली व्हायची आणि पंधरा दिवसांत स्वेटर घडी घालून घरी यायचा. उरलेल्या लोकरीचं ती काय करते, हे कुणी विचारलं नव्हतं.

विचारायची गरजही नव्हती म्हणा. तिच्या खोलीत शिरलं की दिसायचंच. तांब्यावर झाकणी, आरशाला कड, कंदिलाच्या फळीवर रुमाल, पाटावर आसन, दाराला तोरण. बोटभर तुकडासुद्धा ती टाकायची नाही, गाठ मारून पुढे घ्यायची. लाल, पिवळा, खाकी, रंग कुठलेही असोत, तिच्या हाताखाली ते गुण्यागोविंदानं नांदायचे. माझं घर तिच्यापेक्षा एका खोलीनं मोठं, पण भिंती बोडक्या आणि फळ्यांवर वर्तमानपत्रं. मला ते खुपायचं. तेव्हा कुणी विचारलं असतं तर मी साफ नाकारलं असतं.

माझा भाऊ सैन्यात होता. त्यानं अमृतसरहून मुरारीसाठी, माझ्या सहा वर्षांच्या मुलासाठी, मोरपंखी लोकर आणली. असा रंग इकडे कुणी पाहिला नव्हता. वसाहतीतल्या प्रत्येकीला ती लोकर मी हातात देऊन दाखवली, मग रतनबाईला दिली. स्वेटर झाला तोही देखणा. मुरारी तो घालून झोपायचा हट्ट धरायचा.

त्याच थंडीत, संक्रांतीला, रतनबाईनं हळदीकुंकू केलं. तिच्या घरचं पहिलंच. आम्ही दहाबारा जणी दाटीवाटीनं बसलो. माझ्या शेजारणीला, इंदुताईंना, तिनं मानाचा पाट दिला. इंदुताई बसायला वाकल्या आणि मला पाटावरचं आसन दिसलं. मधोमध मोरपंखी फूल, तळहाताएवढं.

मी ते आसन उचललं. नुसतं उचललं नाही, दाराच्या उजेडात धरलं. "रतनबाई, ही लोकर आमच्या घरची दिसते," मी म्हणाले. एवढ्यावर थांबले असते तर निभावलं असतं. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या आणि मला चेव चढला. "तुम्हीही आपापली ओळखून घ्या गं. तो खाकी इंदुताईंच्या घरचा ना?" दोघीतिघी हसल्या. एकीनं तांब्यावरची झाकणी उलटून पाहिली. तिळगूळ अजून माझ्या हातात होता.

रतनबाई माझ्यासमोर कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. "व्हय, तुमचीच हाय," ती म्हणाली. बास, एवढंच. मग तिनं मला कुंकू लावलं, न सांडता, न हलता. माझी खात्रीच पटली की बाई निर्ढावलेली आहे.

दोन दिवसांनी ती घरोघर फिरली. आसन, झाकणी, रुमाल, तोरण, सगळं उसवलं होतं. ज्याची त्याची लोकर वेगळी करून लहान लहान गुंडे केले होते आणि ती ते ज्याच्या त्याच्या दारात देत होती. माझा गुंडा लिंबापेक्षा थोडा मोठा होता. तो मी घेतला आणि आपण केवढं न्यायाचं काम केलं, अशा थाटात दार लावलं. त्या लोकरीनं मी लोणच्याच्या बरणीचा दादरा बांधला. थोडी मुरारीनं पतंगाच्या शेपटीला नेली. उरलेली मांजराच्या पिल्लानं संपवली. त्यानंतर वसाहतीतल्या कुणीही रतनबाईला लोकर दिली नाही.

पुढच्या दिवाळीनंतर थंडी पडली. मुरारी वर्षभरात भराभर वाढला होता. अंगात स्वेटर बसत होता, पण बाह्या मनगटाच्या चार बोटं वर. चिंचवडच्या रुक्मिणीबाई विणकाम करतात असं कळलं, म्हणून त्यांच्याकडे गेले. त्यांनी बाही उलटी केली आणि त्या बघतच राहिल्या.

"हा कुणी विणलाय?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडच्या एका बाईनं. का?"

"बाही खांद्यापासून खाली विणलीय. मनगटाशी टाके पक्के बंद केलेच नाहीत, क्रोशाची साखळी घातलीय. हा धागा ओढला की टाके मोकळे, आणि पुढे हवी तेवढी बाही वाढवता येते. वाढत्या पोराचा म्हणून मुद्दाम केलाय. माझ्याकडे कशाला आलात? जिनं विणला तिनं याचीच लोकर राखून ठेवली असणार."

मी स्वेटर पिशवीत घातला. घरापर्यंतच्या वाटेवर मला एकच दिसत होतं, पाटावरचं ते तळहाताएवढं फूल. दोन बाह्यांना चार चार बोटं. नेमकी तेवढीच लोकर.

तशीच रतनबाईकडे गेले. खोलीत काहीच नव्हतं. तांब्या उघडा, आरसा उघडा, पाट नुसता. सायकलच्या तारेची सुई कंदिलाच्या फळीवर पडली होती. मी पिशवीतून स्वेटर काढला, तर माझ्याआधी तिनंच बाहीचं टोक बोटांत धरलं.

"वाढला व्हय मुरारी," ती म्हणाली.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कुठं? तुमी वळखली म्हनालात. लोकर तुमचीच हुती, मग न्हाई कशी म्हनू?" मग बाहीची साखळी चाचपत ती म्हणाली, "गुंडी करून ठिवली की उंदरं न्हेत्यात, कसर लागती. म्हनून आसन करायचं, झाकनी करायची. पोरगं वाढलं की उसवायची. सगळीच काय त्यासाठी नव्हती. खोटं कशाला बोलू, बारकं तुकडं मलाच आवडायचं. पन तुमची राखूनच ठिवली हुती."

मला रडू आलं. मी तिचे हात धरले आणि चुकले म्हणाले, तीनदा म्हणाले. ती हात सोडवून घेत म्हणाली, "माझ्यापाशी नगा बोलू, सुमनताई. त्या दिशी जेवढ्या जणी हुत्या, त्यांच्यापुढं एकदा बोला. मला दुसरं काय नगं."

मी कबूल केलं. मनापासून कबूल केलं.

मोरपंखी लोकर आता कुठून आणणार? भावाची अमृतसरहून बदली झाली होती. पुण्यातली दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. शेवटी रतनबाईनं पांढऱ्या लोकरीनं बाह्या वाढवल्या. चार दिवसांत स्वेटर आला.

संक्रांतीला मी हळदीकुंकू केलं ते त्यासाठीच. मागच्या वर्षीच्या सगळ्या जणींना बोलावलं. रतनबाईला दोनदा जाऊन सांगून आले. ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, आणि दाराजवळ बसली. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. भाकऱ्या थापताना म्हणून पाहिलं होतं, विहिरीवर म्हणून पाहिलं होतं.

मुरारी आत आला तो नेमका स्वेटर घालून. "अगं सुमन, एवढ्या देखण्या स्वेटरला ह्या पांढऱ्या पट्ट्या कसल्या?" इंदुताई म्हणाल्या. "त्या रंगाची मिळाली नाही का लोकर?"

यापेक्षा सोपी संधी देवानंसुद्धा दिली नसती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. गेल्या वर्षीसारख्याच.

"अमृतसरचा रंग तो," मी म्हणाले. "पुण्यात कुठे मिळायला?"

"मग आधीच थोडी राखून ठेवायची."

"ठिवली हुती की," दाराजवळून रतनबाई म्हणाली.

"मग गेली कुठं?"

 रतनबाईनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. वाट बघत होती. पुढचं तिनं सांगितलं असतं तरी ते खरंच होतं, पण ते मी सांगायचं ठरलं होतं आणि ती थांबली होती.

मी तबक उचललं. तिच्यासमोर जाऊन बसले, तिला हळदीकुंकू लावलं. कुंकू तिच्या नाकावर सांडलं. मग तिच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोड बोला."