सारवलेल्या कोर्टावरची पावलं

भुताखेताचा विषय निघाला की मी उठून गोठ्यात जातो. घरच्यांना हे ठाऊक आहे. अमावास्येला शेतावर झोपलोय, मसणवट्याच्या वाटेनं एकटा आलोय, कधी केसालाही धक्का लागला नाही. या सदरात लोक जे लिहितात त्यातलं निम्मं मला थापा वाटतं, खरं सांगतो. तरीही लिहायला बसलोय, कारण एक गोष्ट पोटात ठेवून मरायची इच्छा नाही... आणि ती भुताची गोष्ट आहे की नाही, हेही मला अजून ठरवता आलेलं नाही.

देश स्वतंत्र व्हायच्या आदल्या हिवाळ्यातली गोष्ट. मी कंग्राळीचा. रोज चालत बेळगावात कॉलेजला जायचो. कॉलेजचं नाव लिहीत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायला नको. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दोन वर्षं कशीबशी फी भरली, पण सरळ सांगितलं होतं की आता माफ झाली तर पुढं शीक, नाहीतर औत धर. आणि फी माफ व्हायची, म्हणजे नादारी मिळायची, एकच वाट मला मोकळी होती. जो गडी विद्यापीठाच्या सामन्यात कॉलेजतर्फे खेळेल त्याला पुढची दोन वर्षं नादारी, असा कॉलेजचा नियम होता.

त्या वाटेवर मला आणलं माने सरांनी. सर कॅम्पातल्या पलटणीतून सुटून आलेले हवालदार, कॉलेजात कवायतीचे मास्तर, तेही हंगामी. बास्केटबॉल ते पलटणीत गोऱ्या सोल्जरांकडून शिकले होते. आम्ही पाच जण खेड्यातली पोरं त्यांनी वेचून काढली. मी उंच म्हणून सेंटर. माझी आई विचारायची, "टोपलीत चेंडू टाकायला एवढं काय शिकायचं असतंय रं?" तिला काय सांगणार?

आता कॉलेजचा जीव होता क्रिकेटवर. वकिलांची, सावकारांची पोरं क्रिकेटमध्ये, त्यांना रूळ फिरवलेलं मैदान, पांढरे बूट, चहा-बिस्किटं. आम्हाला काय, तर रसायनशाळेच्या मागची पडीक जागा, एका अंगाला निवडुंगाचं कुंपण, दुसऱ्या अंगाला शेताचा बांध. सिमेंटचं कोर्ट मागितलं तर प्रिन्सिपॉलसाहेब हसले म्हणे. सर आम्हाला म्हणाले, शेतकऱ्याची पोरं तुम्ही, जमीन कशी करायची ते मी शिकवू काय तुम्हाला?

मग आम्ही खळंच केलं. सुगीला मळणीसाठी करतो तसंच. माती भिजवली, आमच्या पाचातल्या मारुतीची बैलजोडी आणून तुडवली, धुमसानं चोपली, शेणानं सारवली. चेंडू असा टणकन उडायचा की बघत राहावं. खळं म्हटल्यावर खळ्याचा नियम आला... पायताण घालून त्यावर जायचं नाही, ती लक्ष्मीची जागा. आम्ही अनवाणी खेळायचो. आणि सर? सर दोन वर्षांत एकदाही आत आले नाहीत. बूट काढायचे नाहीत म्हणून कडेच्या फक्कीच्या रेघेबाहेर उभं राहून शिकवायचे.

ते बूट का काढत नव्हते हे एकट्या मला माहीत होतं. एकदा त्यांचा पाय मुरगळला तेव्हा गरम पाणी घेऊन त्यांच्या खोलीवर मी गेलो होतो. डाव्या पायाला तीनच बोटं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पलटणीत गाडीच्या चाकाखाली गेलं होतं. मला म्हणाले, "महादेव, हे कुणाला सांगू नकोस. पांगळा मास्तर कोण कायम करंल?" मी कुणाला सांगितलं नाही. मारुतीलासुद्धा नाही.

विद्यापीठाचे सामने त्या साली पुण्यात होते. गुरुवारी सरांनी सांगितलं की शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं निघायचं. शुक्रवारी कोर्ट ताजं सारवून घ्या, वाळू द्या, शनिवारी सकाळी शेवटची प्रॅक्टिस, मग वळकट्या उचलायच्या. सांगताना ते आमच्याकडं बघत नव्हते. हे मला नंतर आठवलं, तेव्हा कुठलं कळतंय.

शुक्रवारी चारच्या सुमाराला सारवून झालं. बाकीचे गेले, मी बांधावर बसलो. ओल्या सारवणावर शेरडं शिरली तर खुरांनी वाटोळं करतात, म्हणून खळं वाळेपर्यंत कुणीतरी राखणीला बसायचं, ही आमच्याकडची रीत. दिवस मावळेपर्यंत बसलो. उठताना कडेनं फिरून हात लावून बघितलं. खडखडीत वाळलं होतं, एक ओरखडा नव्हता. हे मी कुठंही शपथेवर सांगेन.

शनिवारी उजाडताच आम्ही पाचही जण वळकट्या घेऊन हजर. आईनं दशम्या बांधून दिल्या होत्या, कधी नव्हे ते अण्णा वेशीपर्यंत आले होते. बघतो तर कोर्टावर पावलं. अनवाणी, पेराएवढी खोल, ओल्या सारवणात रुततात तशी... आणि आता वाळून कडक झालेली. सर जिथं उभे राहायचे त्या रेघेपासून निघालेली. आमच्या खेळायच्या पाच जागा होत्या ना, त्या प्रत्येक जागेपुढं ती पावलं जुळवून उभी राहिली होती. एक, दोन, तीन, चार. शेवटी माझ्या जागेपुढं, माझ्याकडं तोंड करून. तिथून पुढं काही नाही. परत गेल्याची खूणही नाही.

मारुती शिव्या द्यायला लागला. मी खाली वाकलो आणि डावं पाऊल बघितलं. तीन बोटं.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. सर बूट काढून आत आले, आम्हा प्रत्येकापुढं उभे राहिले, म्हणजे आशीर्वादच दिला की, असं मला वाटलं. रात्रीची ओल सुटली असेल आणि पावलं रुतली असतील, अशी मनाची समजूतही मी घातली. पोरांना म्हटलं, पुसू नका रं, असू देत.

तेवढ्यात रसायनशाळा उघडायला शिपाई आला. आमच्या वळकट्यांकडं बघून म्हणाला, "माने सर काल दुपारी दोनच्या गाडीनंच गेले की क्रिकेटवाल्यांबरोबर. मॅनेजर म्हणून. तुमचं तर पंधरा दिवसांमागंच रद्द झालंय, तुम्हाला सांगितलं न्हाई व्हय?"

काल दुपारी दोनला. आमचं सारवण चारला संपलं होतं.

मी तडक प्रिन्सिपॉलसाहेबांकडं गेलो. त्यांनी शांतपणे कागद काढून दाखवला. बास्केटबॉलचा संघ विद्यापीठात पाठवण्याच्या तयारीचा नाही, असं लिहिलेलं, खाली सरांची सही. साहेब म्हणाले, कॉलेजचं नाव क्रिकेटनं होतं, सगळं सगळ्यांना पुरत नाही, तुझ्या सरांनाही पटलं. त्याच महिन्यात सर कायम झाल्याचं त्यांनीच मला सांगितलं. माझ्या नादारीचं विचारलं तर म्हणाले, नियम तो नियम.

दोन वर्षं, रोज, त्या माणसाचा शब्द मी देवाचा मानला होता. त्याला माहीत होतं माझं काय पणाला लागलंय. तरी गुरुवारी तोंडावर खोटं बोलून आमच्याकडून सारवून घेतलं... कशाला? पोरं कामात राहावीत, स्टेशनवर येऊ नयेत म्हणून! दुसरं काय कारण असणार? दशम्या घेऊन तसाच घरी आलो. सोमवारी औत धरलं. कॉलेज सुटलं ते कायमचं.

पुढच्या उन्हाळ्यात कॅम्पात गेलो होतो. चर्चच्या भिंतीला लागून एक चांभार बसायचा, त्याच्यापुढं माने सर. बूट शिवायला दिलेले, डावा पाय उजव्याखाली दडवलेला. मला बघून उठायला गेले, पण बूट नव्हते, मग बसूनच राहिले. मी नमस्कार केला नाही. एवढंच विचारलं की त्या शुक्रवारी रात्री तुम्ही कुठं होता? आणि त्या पावलांचं सगळं सांगितलं.

सर पांढरे पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मिरजेला गाडी थांबली तेव्हा दिवे लागले होते. बुटांत ओल लागाय लागली म्हणून फलाटावर बूट काढले. दोन्ही पाय घोट्यापर्यंत शेणामातीनं माखलेले. धुतले, कुणाला बोललो न्हाई... गाडीत डोळा लागला होता, तेव्हा मला स्वप्नात तुम्ही पाचजण दिसला होतात. मी सांगायला आलतो, पण तोंडच उघडंना."

मी म्हणालो, "गुरुवारी तोंड उघडलं होतं की सर. तेव्हा खोटं कसं निघालं?"

उत्तर ऐकायला मी थांबलो नाही. नंतर आमची कधी भेट झाली नाही, आणि आमच्या कोर्टावर क्रिकेटवाल्यांची कपडे बदलायची खोली उभी राहिली.

आता कुणी म्हणेल, सरांनी माझंच ऐकून मिरजेची गोष्ट रचली. रचली असेल, खोटं बोलणं त्यांना जड नव्हतं. पण मी हात लावून बघितलेल्या वाळल्या सारवणात पावलं रुतली कशी? ज्या तीन बोटांचं मी कुणाजवळ बोललो नव्हतो, ती तिथं उमटवली कुणी? इतकी वर्षं डोकं खाजवतोय, अजून पत्ता लागत नाही. आणि तो माणूस सांगायला आलाच होता, तर मी दिवस मावळेपर्यंत बांधावर बसलो होतो. तेव्हा का आला नाही, याचा राग तर मुळीच जात नाही.

आजही सुगीला खळं सारवलं की मी बांधावर जाऊन बसतो. पोरं हसतात. म्हणतात, आप्पा, आता गल्लीत शेरडं ऱ्हायली कुठं? मी शेरडांसाठी बसत नाही, हे त्यांना काय सांगू?