राजानं उज्जैनात मुक्काम करू नये

बरोबर गाइड घेऊन शहर बघायला येणाऱ्या लोकांचा मला मनापासून राग येतो. या वयात गुडघे परवानगी देतील तेव्हा मी राम घाटावर जाऊन बसते, आणि असं एक तरी कुटुंब दिसतंच. गाइड घसा फोडून क्षिप्रेची कथा सांगत असतो, आणि गॉगल लावलेले गृहस्थ मध्येच विचारतात, "भैया, गाडी इधर तक नहीं आ सकती थी?" बाई तर ऐकतही नसतात. मला वाटतं, उठावं आणि त्यांना स्टेशनवर परत सोडून यावं. माझ्या सुना म्हणतात, आई, तुम्हाला त्यांचं काय एवढं? त्यांना काय सांगायचं? माझे वडील हेच काम करायचे, आणि एका अशाच पाहुण्यानं त्यांचं उज्जैन हिरावून घेतलं.

बाबा ग्वाल्हेर दरबाराच्या मेहमानदारी खात्यात होते. दरबाराकडे कोणी मोठा पाहुणा आला आणि त्याला उज्जैन बघायचं असलं की तो बाबांच्या हवाली व्हायचा. बाबांनी याची एक रीतच बसवली होती. पाहुण्याच्या पुढे चालायचं नाही, अर्धं पाऊल मागे आणि डावीकडे राहायचं. काही दाखवायचं तर बोटानं दाखवायचं नाही. बोट गुराढोरांकडे करतात, असं त्यांचं म्हणणं. शहर दाखवायचं ते उघड्या तळहातानं, वाढपी पान दाखवतो तसं. आणि पाहुणा चिडलेला असेल तर त्याला उत्तर द्यायचं नाही. आधी त्याचं पोट भरायचं, उत्तर मग.

सांगायचे त्यातलं खरं किती हे मात्र विचारू नका. एकाच दीपमाळेची गोष्ट बंगाली पाहुण्याला वेगळी आणि लष्करातल्या माणसाला वेगळी. मी एकदा विचारलं, "बाबा, यातली सही कोणती?" तर म्हणाले, "बेटा, जी ऐकून पाहुण्याचा चेहरा खिलतो ती." असा माणूस उज्जैनबाहेर काय कामाचा? उज्जैन दाखवण्याखेरीज त्यांना काही म्हणजे काही येत नव्हतं.

स्वातंत्र्य आलं, दरबार गेला, मध्यभारत झाला. खात्याचं नाव बदललं, पण बाबा होते तिथेच राहिले, कारण मंत्र्यांनाही महाकाल बघायचाच होता. मग मध्यभारतही गेला. आम्ही भोपाळच्या राज्यात पडलो, आणि जुन्या दरबारी माणसांना कुठे टाकायचं ते ठरवायला साहेब लोक गावोगाव फिरू लागले. कोणी रीवाला फेकला गेला, कोणी बस्तरला. आमच्या घरात दोन महिने एकच विषय होता, बाबा उज्जैनात राहतात की जातात. आईला दमा होता, मी कॉलेजात होते. पण खरी भीती ती नव्हती. बाहेर टाकलं तर बाबा संपतील हे आम्हा तिघांनाही कळत होतं आणि तिघंही ते बोलत नव्हतो.

त्या फाइलीवर शेरा मारणारा साहेब सहकुटुंब उज्जैन बघायला येणार असं कळलं. साहेब नागपूरकडचा, मराठीच. आईला हायसं वाटलं. म्हणाली, आपलाच माणूस आहे. आपलाच माणूस! त्याला अहोजाहो करायला माझी जीभ आजही वळत नाही, म्हणून मी 'तो'च म्हणणार. त्याचा निम्मा मुलूख मुंबई राज्यात गेला होता आणि तो मात्र हिंदी राज्यात अडकून पडला होता. त्याचा सगळा राग त्यानं आमच्यासाठी जपून आणला होता.

आणि बाबांनी पहिल्याच दिवशी घोळ केला.

उज्जैनचा राजा एकच, महाकाल. दुसऱ्या कोणा राजानं या गावात रात्रीचा मुक्काम करायचा नाही, केला तर त्याची गादी जाते. हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. महाराज यायचे, दर्शन घ्यायचे, आणि झोपायला गावाबाहेर जायचे. बाबांनी वीस वर्षं त्यांच्या पाहुण्यांचे बिछाने याच हिशेबानं घातले होते. त्यामुळे गावात सर्किट हाउस रिकामं असताना बाबांनी साहेबाला नानाखेड्याच्या बाजूला एका जुन्या सरकारी बंगल्यात उतरवलं. आज तिथे बसस्टँड आहे, कॉलन्या आहेत. तेव्हा ज्वारी होती आणि कोल्हे होते.

आई आदल्या दिवशीच म्हणाली होती, "अहो, हा काही महाराज नाही. ह्याला कशाला बाहेर ठेवता?"

बाबा म्हणाले, "राज्य ज्याच्या हातात तो राजा. आता राज्य ह्यांच्या हातात आहे. उद्या काही कमजास्त झालं तर दोष माझ्यावर येईल."

त्यांना ते मनापासून वाटत होतं, हे लक्षात असू द्या.

सकाळी आम्ही टांगा घेऊन बंगल्यावर गेलो. बरोबर बाई असल्या तर आमच्या घरचीही एक बाई हवी, हाही बाबांचाच नेम, म्हणून मी. बाबांनी दरबारी पगडी पेटीतून काढून घातली होती. साहेब पायरीवर उभा होता. डासांनी त्याचा चेहरा फोडून काढला होता, आणि बाईंचे डोळे जागरणानं लाल.

"गावात जागा असून आम्हाला रानात टाकता?" तो म्हणाला. "आणि हे डोक्यावर काय? कुठल्या नाटकात काम आहे?"

"गुस्ताखी माफ असावी साहेब," बाबा म्हणाले, आणि पुढे एक अक्षर बोलले नाहीत. पाहुण्याचं पोट रिकामं होतं ना.

टांगा फ्रीगंजात टावर चौकात थांबला. पोहे आले, जिलबी आली. साहेबानं दोनदा मागून घेतली. मग बाबांनी उभ्या उभ्या, हात बांधून, मुक्कामाचा नेम सांगितला. राजानं उज्जैनात रात्र काढू नये, म्हणून हुजुरांना बाहेर उतरवलं.

साहेब थांबला. त्याच्या हातातली जिलबी तशीच राहिली. "म्हणजे तुम्ही आम्हाला महाराजांच्या जागी धरलं?"

"आजच्या घडीला आपणच साहेब."

झालं. गडी हरभऱ्याच्या झाडावर चढला तो दिवसभर उतरला नाही. बाईंकडे वळून म्हणाला, "ऐकलंस का? आम्ही राजे!" मी बाबांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर जीव आल्यासारखं झालं होतं. मलाही वाटलं, सुटलो. उज्जैन राहिलं. मी माझ्या ताटलीतली जिलबी टांगेवाल्याला दिली, मला आनंदानं खाववेना.

पण राजा झालेला कारकून फार वाईट. वेधशाळेत बाबा सावलीवरून वेळ कशी काढतात ते सांगत होते, तर हा मनगटावरचं घड्याळ पुढे करून म्हणाला, "हे बघा, इकडे नऊ बावन्न. तुमची सावली काय म्हणते?" आणि स्वतःच हसला. महाकालाच्या गाभाऱ्यात उतरताना त्यानं बाबांच्या खांद्यावर हात टेकला, काठीवर टेकतात तसा, आणि वर येईपर्यंत काढला नाही. बाबा अर्धं पाऊल मागे राहून चालणारे, त्यांना ओढून त्यानं पुढे घेतलं, कारण पायऱ्या ओल्या होत्या. घसरायचंच तर आधी बाबा घसरावेत.

बाबा हे सगळं हसून घेत होते. अडला हरी गाढवाचे पाय धरी, हे मला कळत होतं. तरी माझ्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि खरं सांगायचं तर साहेबापेक्षा बाबांवरच जास्त. तळहातानं शहर दाखवणारा हा माणूस आज तोच तळहात पसरून उभा आहे असं मला वाटत होतं.

दुपार टळल्यावर राम घाटावर आलो. बाई पायरीवर बसल्या. मी म्हटलं, "बाईसाहेब, इथे धूप आहे. जरा ठहरा, मी छत्री घेऊन येते. पाणी पिऊन घ्या."

बाई हसायला लागल्या. "धूप! ठहरा! अहो, ऐकलंत का हिची मराठी?"

"ही का मराठी?" साहेब म्हणाला. "दोनशे वर्षं झाली यांना येऊन. ना इकडचे राहिले, ना तिकडचे झाले."

आता हा स्वतः सकाळपासून 'येऊन राहिलो, जाऊन राहिलो' करत होता. नाकानं कांदे कोणी सोलावेत! मी ते म्हणणारही होते, पण बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी गिळलं.

बाई बाबांना म्हणाल्या, "एकच मुलगी ना? हिला पुण्या-मुंबईचं स्थळ शोधाल तर तोंड उघडू देऊ नका हो. तोंड उघडलं की पोरगी परत येईल."

साहेब मोठ्यानं हसला. "आणि इथल्या दरबारी घरात दिली तर पगडीला इस्त्री करत बसेल जन्मभर."

मी छत्री आणायला गेले ती मुद्दाम उशिरा आले. रडत होते म्हणून नाही. लगेच आले असते तर ती छत्री बाईंच्या डोक्यात घातली असती. परत आले तेव्हा बाबा घाटाविषयी बोलतच होते, पण हसू गेलं होतं. पुढच्या दोन्ही देवळांच्या गोष्टी त्यांनी सरळ, चटणी-मीठ न लावता सांगितल्या. बाबांनी एवढं खरं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दिवेलागणीला टांगा परत निघायची वेळ झाली. बाईंनी हट्ट धरला, त्या रानात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. साहेबालाही डास आठवले असणार. तो टांग्यात बसला, पाय पसरले आणि मजेत म्हणाला, "चला, सर्किट हाउस. का हो, तुमच्या महाकालाला चालेल ना? की आमची गादी जाईल?"

त्याला काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. बाबांनी हात जोडावेत, नको हुजूर म्हणावं, राज्यावर संकट येईल म्हणून गयावया करावी. मग यानं बाईंसाठी म्हणून मोठेपणानं संकट ओढवून घ्यावं. बाबांनी तेवढं केलं असतं तर उज्जैन आमचं होतं.

बाबांनी पगडी नीट केली. टांग्यापासून अर्धं पाऊल मागे सरकले आणि सर्किट हाउसच्या दिशेला उघडा तळहात केला.

"खुशाल राहा साहेब," ते म्हणाले. आवाज अगदी मऊ, दरबारी. "आपल्याला काहीच धोका नाही. तो नेम फक्त राजांना आहे. नोकर लोक इथे रोजच झोपतात."

टांगेवाला खोकला. बाईंना कळलंच नाही, त्या पदर सावरत होत्या. साहेबाला कळलं. त्यानं पाय आत घेतले, आणि सर्किट हाउस येईपर्यंत तो समोरच्या घोड्याकडे बघत राहिला.

चालत घरी येताना मी विचारलं, "बाबा, तुम्ही ते जाणूनबुजून म्हटलंत ना?"

"काय म्हटलं? नेम आहे तसा सांगितला."

"सकाळी दुसराच सांगितला होता."

"सकाळी पाहुणे उपाशी होते," ते म्हणाले, आणि वाटेत आईसाठी गजरा घ्यायला थांबले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. मला वाटलं, चुकून तोंडातून गेलं असेल आणि आता सांगायची लाज वाटत असेल. भित्र्या माणसाकडून एखादा शब्द निसटतो तसा. मी तेव्हा बाबांना भित्रंच समजत होते.

हुकूम आला तो महिन्याच्या आत. बस्तरकडे, जंगलातल्या एका डेपोवर, सागाच्या ओंडक्यांवर नंबर घालण्याच्या कामावर. ताबडतोब हजर व्हावं. उज्जैनच्या देवळांत आयुष्य घालवलेल्या माणसाला ओंडके! आई पाटावर बसून राहिली. म्हणाली, "एवढं फिरवलंत त्याला, एवढं आर्जव केलंत. काय चुकलं हो आपलं?" मी बाबांकडे पाहिलं. ते पगडी कापडात गुंडाळत होते.

जायच्या दिवशी आईनं घाईघाईनं वळकटी बांधली, कारण रात्रीची गाडी होती. मामा टांगा घेऊन दारात आले. ताबडतोब म्हणजे ताबडतोब, मामा म्हणाले, उगाच आणखी एक शेरा नको.

बाबा उठले, दारापर्यंत गेले, आणि टांगेवाल्याला परत पाठवला.

"सकाळच्या गाडीनं जाईन," ते म्हणाले. "आजची रात्र इथेच झोपतो."

"अहो, पण हुकूम..." आई म्हणाली.

"झोपू दे गं," बाबा म्हणाले. मग महिन्याभरात पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं, आणि पाहुण्याचा चेहरा खिलावा म्हणून हसायचे तसं माझ्यासाठी हसले. "मला चालतं. मी काही राजा नाही."