आडावरच्या फळ्या

आई आज पहाटे गेली.

रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आज संध्याकाळी आडावर फळ्या कोण टाकणार?

आमच्या बेंबळीच्या घराच्या अंगणात आड आहे. तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींनी पाहिलाय. त्या आडाशेजारच्या ओट्यावर बसून आपण चिंचाही खाल्ल्यात. पण त्याची गोष्ट मी कधी कुणाला सांगितली नाही, कारण आई होती.

मी तेव्हा आठेक वर्षांची. आम्ही हैदराबाद राज्याचे होतो ते मुंबई राज्याचे झालो, एवढंच मोठ्यांच्या बोलण्यातून कानावर यायचं. माझा भाऊ बाळू तीन वर्षांचा. गुटगुटीत, हट्टी, एका जागी न बसणारा.

आडाला कठडा नव्हता. तोंडावर बाभळीच्या फळ्या असायच्या. पाणी शेंदलं की फळ्या परत जागेवर. अख्खी गल्ली तिथून पाणी न्यायची आणि हा नियम सगळ्याजणी पाळायच्या.

फक्त कुरडया घालायच्या दिवशी त्या फळ्या निघायच्या. लांब, सपाट, धुतल्या की लख्ख. कुरडया वाळवायला तशा फळ्या दुसरीकडं कुठं मिळणार? दरवर्षीच निघायच्या.

त्या दिवशी त्या आईनं काढल्या.

सगळ्या बायका चुलीवरच्या गव्हाच्या चिकाभोवती होत्या. चीक घोटायचा थांबला की गुठळ्या होतात. आवाज सगळ्यांनीच ऐकला. सगळ्यांना वाटलं, पोहरा पडला.

शेजारचे जब्बारचाचा दोराला धरून खाली उतरले. ते बाळूला घेऊन वर आले तेव्हा फळ्यांवरच्या कुरडया अजून ओल्या होत्या.

आई रडली नाही. बोललीही नाही. उंबऱ्यात बसून नुसती आडाकडं बघायची. माझी काकू तिच्या पदराला स्वतःचा पदर बांधून झोपायची. मला बजावलेलं, "आईला एकटं सोडू नगं." ती पण उडी घेईल, हीच सगळ्यांना धास्ती होती. मला कुणी सांगितलं नव्हतं, पण कळत होतं.

दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, आड बुजवायचा होता. पण सगळी गल्ली त्याच पाण्यावर. मग त्यांनी जब्बारचाचांना हाताशी घेऊन उंबऱ्याच्या आणि आडाच्या मधे दगडमातीची भिंत घातली. पुरुषभर उंच. तिला ते दिसायलाच नको. लोक म्हणाले, शहाण्या माणसाचं काम.

भिंत झाली आणि आई जास्तच बिघडली.

दिवसभर कानांवर हात. अन्न तुटलं. रहाट वाजला की दचकायची.

एके दुपारी काकूनं मला शेताकडं पिटाळलं. "पळ, दादाला बोलव. तुजी आई पहार घिऊन आडाकडं गेलीय!"

आम्ही धावत आलो तर अर्धी भिंत पडलेली. आई दगडांच्या ढिगात बसलेली. बोटं रक्ताळलेली.

दादा तिच्याजवळ मातीतच बसले. "काय केलंस हे?"

बाळू गेल्यापासून पहिल्यांदा ती बोलली.

"दिसत न्हाय म्हणून सारखं ऐकू येतंय. पोहरा पडला की वाटतंय, त्योच पडला. दिसलं तर कळंल तरी, पोहराच हाय म्हणून."

"मग बुजवू का?"

"बुजवू नका. लोकं काय पितील?"

"मग काय करू? तूच सांग."

"बसायला जागा करा. मला त्याच्यापाशी बसायचंय."

त्याच भिंतीच्या दगडांतून कठडा झाला, आणि कडुलिंबाच्या सावलीला ओटा. चूलही आईनं उचलून तिथून आड दिसेल अशी मांडली. सांडपाण्यावर सदाफुली लावली. ती रोज तिथं बसू लागली. पाण्याला आलेल्या बायकाही टेकू लागल्या. त्या काळात गल्लीतल्या बहुतेक बायकांचं एखादं तरी पोर गेलेलं. कुणाचं देवीनं, कुणाचं बाळंतपणात. घरात सासूपुढं नाव काढायची सोय नव्हती. ओट्यावर काढायच्या, रडायच्या, घागर उचलून घरी जायच्या.

आई पुन्हा जेवायला लागली. एवढंच. हसरी वगैरे झाली नाही. आमच्या घरात कुरडया पुन्हा कधीच झाल्या नाहीत.

कठडा झाला तरी संध्याकाळी फळ्या टाकायचा तिचा नेम सुटला नाही. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. शेवटची फळी टाकताना हळूच म्हणायची, "निज आता."

माझी नात मला रील्स पाठवते. मन शांत करणारं अंगण कसं डिझाइन करावं. कारंजं, झोपाळा, सुगंधी झाडं. छान असतात. पण त्या अंगणांत कुणी मेलेलं नसतं गं.

आड कोरडा पडून कैक वर्षं झाली. बाळूनंतर झालेल्या माझ्या धाकट्या भावाला तिथं टाइल्स टाकून गाडी लावायची होती. आई म्हणायची, "म्या हाय तवर न्हाय."

आज दुपारी तिला पोचवून आलो. संध्याकाळी मी अंगणात गेले, फळी धरली, तर ती मला एकटीला उचलेना. नव्वदी ओलांडलेली बाई कालपर्यंत हे कसं करत होती, देव जाणे.

भाऊ आला. त्यानं दुसरं टोक धरलं. गाडीचा विषय काढला नाही.

शेवटच्या फळीला ते दोन शब्द माझ्या तोंडातून फुटेनात. तोच म्हणाला. बाळूला त्यानं कधी पाहिलंसुद्धा नव्हतं.

"निज आता."

आई, फळ्या टाकल्यात. आता तू बाळूपाशी जा.