देवीपुढे नेलेला अर्ज

साहेबांनी टेबलावर टंकयंत्र आणून ठेवलं, त्याच संध्याकाळी मी गावी जायचं ठरवलं. मुंबईत एका वकिलाच्या ऑफिसात मी दस्तऐवजांच्या नकला करतो. वीस वर्षं अक्षरावर पोट भरलं. आता साहेब म्हणाले, "शिमग्यानंतर यावर काम. जमत नसेल तर दुसरीकडे बघा." पंचेचाळिशीला आलेल्या बोटांना कुठून जमायचं? तिकडे भाऊ कळवत होता, ये परत, शेत बघ. डोकं नुसतं शिणून गेलं होतं. आमच्याकडे असा पेच पडला की देवीला कौल लावतात. आठ दिवसांची रजा टाकली.

आगबोटीने जाणाऱ्यांनी डेकवर पसरायला सतरंजी आणि हुंगायला लिंबू जरूर घ्यावं. मी दोन्ही नेलं, तरी निम्मा प्रवास डोळे मिटूनच झाला. उरलेल्या वेळात देवीसाठी अर्ज लिहिला, चांगल्या जाड कागदावर, चार बाबी पाडून. सवयच तशी.

रत्नागिरीला बोट किनाऱ्याला लागत नाही. पडावात, म्हणजे लहान होडीत, उतरायचं, ट्रंक सांभाळायची आणि भिजलेल्या धोतराने मोटारीची वाट पाहायची. मोटार सुटते ती ड्रायव्हरच्या लहरीने. पुढे बसाल तर धूळ कमी, मागे बसाल तर भाडं कमी. मी मागे बसलो. हातखंब्याच्या पुढे ती बंद पडली. शेजारची म्हातारी बोचकं उचलून उतरली.

"आजी, कुठे निघालात?"

"चालत. आदी चालतच जायचो, तवा येळेवर पोचायचो."

ती खरोखरच गेली. मी बसून राहिलो आणि संगमेश्वरला दिवस कलताना उतरलो. तिथून गाव दोन कोस, सगळा कातळ. पायांनी मोटारीला किती शिव्या दिल्या, ते सांगत नाही.

घरी पार्वतीने, म्हणजे आमच्या मंडळींनी, कुळथाची पिठी आणि भात वाढला. लग्नाला सोळा वर्षं झाली; ती गावी, मी मुंबईत. शिमगा आणि गणपती एवढाच संसार.

"किती दिस?" तिने विचारलं.

"चार."

ती भाताचं पातेलं उचलून आत गेली. मी दमलो होतो, लगेच आडवा झालो.

सकाळी देवळात गेलो. दिव्याचं तेल घेऊन पार्वती मागून आली. भिकाजी गुरव, वडिलांच्या बरोबरीचा माणूस, माझ्या हातातल्या कागदाकडे बघत राहिला.

"ह्ये काय रं?"

"अर्ज. चार बाबी आहेत."

"वाच बगू."

मी वाचला. टंकयंत्र शिकावे किंवा कसे. न शिकल्यास अन्यत्र नोकरी पाहावी किंवा कसे. गावी परतल्यास बंधूंशी वाटणी किंवा कसे. चौथी बाब येईपर्यंत त्याने हात वर केला.

"ह्ये कोर्टात ने. देवीला व्हय आन् नाय, येवडंच बोलता येतं. येक काय ते सांग."

मी मनातल्या मनात एकेक बाब खोडली. यंत्र गेलं, साहेब गेला, वाटणी गेली. शेवटी उरलं ते एवढंच: मुंबई सोडून परत येऊ का?

भिकाजीने फुलांचे कळे ओले करून पाषाणाला लावले. उजवा पडला तर होय, डावा पडला तर नाही. गाऱ्हाणं घालण्याआधी रीतीप्रमाणे त्याने विचारलं, "घरात समद्यांचा येकविचार हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

"मला कुणी इचारलं नाय," मागून पार्वती म्हणाली.

भिकाजी थांबला. "मंग आदी तिला इचार. घरातलं सपलं की देवीकडं येयाचं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सोळा वर्षांत मी तिला गुरांबद्दल विचारलं होतं, भाताबद्दल विचारलं होतं. मान खाली घालून म्हणालो, "तुझं काय म्हणणं?"

"परत येऊ नका. नांगर तुमाला धरवत नाय, आन् भावोजींच्या हाताखाली तुमी ऱ्हानार नाय. त्ये यंत्र शिका. आन् मला घेऊन चला."

"खोली फार लहान आहे गं."

"मी काय मोटी हाय?"

"आणि शिकायला नाहीच जमलं तर?"

"तर दोगं मिळून परत येऊ."

भिकाजीने न पडलेले कळे काढले आणि तिच्या ओंजळीत घातले.

परतताना मोटार दोनदा बंद पडली आणि मला बोट लागायची ती लागलीच. पार्वतीला मात्र लागली नाही. आता मुंबईच्या खोलीत येऊन महिना झाला. खोली आहे तेवढीच आहे. ऑफिसात दोन बोटांनी टकटक करतो, साहेब कुरकुरतात, नोकरी टिकेल की नाही कोण जाणे. संध्याकाळी येतो आणि साहेब, यंत्र, भाडं, भाऊ असं सगळं एकदम सुरू करतो. ती बोंबील निवडता निवडता म्हणते, "येक काय ते सांगा."

परवा यंत्रावर पहिलं बिनचुकीचं पान निघालं. ते घरी आणून दाखवलं. तिला वाचता येत नाही. तिने उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यात तुमचं अक्षर कुटं दिसत नाय."

मला वाईट वाटलं. वीस वर्षांचं अक्षर ते. पान घडी करून ठेवताना तिने विचारलं, "बोटं दुकतात?"

एवढंच विचारलं. मी म्हणालो, "हो."

ती खोबरेलाची वाटी घेऊन शेजारी बसली.