आत्या वाचायला बसतात

अंबरनाथ ते उल्हासनगर या पट्ट्यात महिला दिनाच्या जितक्या सभांचा विचका झाला, त्यातल्या निम्म्या तरी माझ्या मैत्रिणीच्या आत्यांच्या नावावर आहेत. प्रमुख पाहुणे ‘स्त्री म्हणजे शक्ती’ म्हणाले की आत्या पहिल्या रांगेतून उठतात आणि अतिशय नम्रपणे विचारतात, “साहेब, शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याकडे बायका लिहीत होत्या. त्यातल्या एकीचं एक पान तरी वाचलंय का?” साहेब पाण्याचा ग्लास शोधतात. एकदा आयोजकांनी त्यांना मुद्दाम शेवटच्या रांगेत बसवलं. उपयोग शून्य. सगळी नोकरी कारखान्यात गेलेली, मशीनच्या वर आवाज चढवायची सवय.

या जुन्या लेखिका म्हणजे आत्यांच्या घरातल्याच. एकजण नुकतीच चहा घेऊन गेली आणि दुसरी खाली रिक्षातून उतरतेय, अशा थाटात त्या त्यांच्याबद्दल बोलतात. एकीवर तर त्यांचा कायमचा राग आहे. एवढं धीट लिहिलं आणि पुस्तक मात्र नवऱ्याच्या चरणी अर्पण केलं, म्हणून! ते पान आत्यांनी स्टेपलर मारून बंद करून टाकलंय. बारशाला गेल्या तर बाळंतिणीला पुस्तक, मयताला गेल्या तर मागे राहिलेल्या बाईला पुस्तक. महिन्याभराने परत मागायलाही विसरत नाहीत.

मांजर्लीत आमच्या ओळखीच्या एका सुनेला बारावीला बसायचं होतं. सासूबाईंचा हुकूम होता की पोरगं शाळेत जाईपर्यंत नाही. मी गेले, आमच्या संघटनेचं पत्रक हातात दिलं, हक्क, कायदा, सगळं दणकून बोलले. सासूबाईंनी त्या पत्रकावर गरम पातेलं ठेवलं. मी भडकून आत्यांकडे आले, तर यांचा प्रश्न, “पातेल्यात काय होतं?” डाळ होती, मी म्हणाले. “मग जेवायला थांबायचं होतंस ना.”

दुसऱ्या दिवशी आत्या मला घेऊन त्या घरात जाऊन बसल्या. परीक्षेबद्दल चकार शब्द नाही. चहा प्यायल्या आणि एका जुन्या लेखिकेच्या आठवणी वाचायला लागल्या. चुलीतल्या राखेत बोटानं अक्षरं गिरवणारी सून, आणि तिच्या पाठीमागे, स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिलेली सासू. इथे पुस्तक मिटलं. “बाकी उद्या.” बाहेर पडल्यावर मी म्हटलं, आत्या, ही चळवळ नाही, टीव्ही सिरियल आहे. त्या म्हणाल्या, “सिरियलला लोक बसतात. तुझ्या पत्रकाला बसतात का?” हक्काची गोष्ट, आणि ती मिळवायला कुणाच्या तरी सोफ्यावर बसून गोष्ट सांगायची! मला अजूनही याचा संताप येतो.

पण आठवडाभरात सासूबाई आत्यांच्या वाटेकडे डोळे लावून बसायला लागल्या. मग एके दिवशी आत्यांनी चष्मा काढला, डोळे दुखतात म्हणाल्या आणि पुस्तक सरळ सुनेच्या हातात दिलं. लग्नानंतर त्या घरात तिच्या हातात पुस्तक कुणी पाहिलं नव्हतं. तिने आधी सासूकडे पाहिलं, मग अडखळत सुरुवात केली. मांडीवरचं पोरगं पान ओढायला लागलं, रडायला लागलं, तशी ती थांबली. सासूबाई म्हणाल्या, “दे त्याला इकडं. तू वाच.” मी घोषणा देण्याच्या बेतात होते, आत्यांनी माझं मनगट दाबून धरलं.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर आम्ही तिघी होतो. सासूबाईंच्या कडेवर नातू. सून आत गेली तसं त्यांनी विचारलं, “बाई, ती पुस्तकातली पुढं शिकली का हो?”

“पुस्तक मध्येच संपतं,” आत्या म्हणाल्या. “पुढचं लिहायला तिला वेळ मिळाला नसणार.”

सासूबाईंनी नातवाला दुसऱ्या कडेवर घेतलं. घरी जायचं सोडून तिथेच कट्ट्यावर बसल्या. “पेपर सुटेपर्यंत थांबू. बाहेर आल्यावर कुणीतरी दिसायला पाहिजे तिला.”

ऊन चढत गेलं. आत्यांच्या पिशवीत आणखी एक पुस्तक होतं, पण त्या दिवशी त्यांनी ते बाहेर काढलं नाही.